एकाच घरात तीन तऱ्हेचे केस असतील तर शाम्पू कसा निवडावा?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा : नाशिकहून कांदिवलीला राहायला आल्यापासून तुमचे केस मुळाशी एका दिवसात तेलकट होतात आणि टोकाशी मात्र राठच राहतात, नऊ वर्षांच्या मुलीचे केस कुरळे व कोरडे आहेत, यजमानांच्या डोक्यात कोंडा आहे, आणि घरात सर्वांसाठी मिळून एकच मोठी बाटली येते. अशा वेळी कोणत्या केसांना कोणता शाम्पू घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

मी माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, तेले आणि सर्फॅक्टंट (मळ काढणारी द्रव्ये) हा विषय शिकलो आणि पुढे शाम्पू व साबण तयार करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा भाग जिथे येईल तिथे तसे स्पष्ट सांगेन.

बाटलीवर ‘कोरड्या केसांसाठी’, ‘तेलकट केसांसाठी’ असे छापलेले असल्यामुळे निवड केसांकडे पाहून करायची असा समज होतो, आणि माझ्या मते गोंधळ तिथूनच सुरू होतो. शाम्पू निवडावा तो डोक्याच्या त्वचेकडे पाहून. केसांच्या लांबीकडे पाहून निवडायचा तो कंडिशनर. केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो केराटिन या प्रथिनाचा निर्जीव तंतू असतो. जिवंत असते ती त्वचा, आणि तिच्यातील ग्रंथींतून पाझरणारे सिबम हे तेल, घाम, धूळ व मृत पेशी यांच्यासह धुऊन काढणे एवढेच शाम्पूचे काम असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे खांद्याखाली पोचलेल्या केसाचे टोक तीन-चार वर्षांचे जुने असते. इतकी वर्षे ऊन, कंगवा आणि टॉवेल सोसलेल्या टोकाला आणि नुकत्याच उगवलेल्या मुळाला एकच द्रव्य सारखे मानवावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. मुळाशी तेलकट आणि टोकाशी राठ हा म्हणूनच काही विचित्र प्रकार नव्हे. लांब केस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांची हीच स्थिती असते.

आता बाटलीची मागची बाजू पाहावी. घटकद्रव्ये प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असतात. पहिले पाणी, आणि त्यानंतरची दोन-तीन नावे म्हणजे मळ काढणारी सर्फॅक्टंट द्रव्ये; शाम्पूचा स्वभाव या दोन-तीन नावांवरूनच बऱ्याच अंशी कळतो. सोडियम लॉरिल सल्फेट सर्वांत कडक, सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून मवाळ, आणि त्याच्या जोडीला कोकामिडोप्रोपिल बीटेन असेल तर मिश्रण आणखी सौम्य होते. सोडियम कोकॉयल आयसेथिओनेट किंवा डेसिल ग्लुकोसाइड यांवर आधारलेले शाम्पू अनेकदा फेस कमी देतात, किमतीला जास्त असतात, पण कोरड्या त्वचेला चांगले मानवतात. ‘सल्फेटविरहित’ या शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये, कारण सल्फेटच्या जागी ओलेफिन सल्फोनेट घातलेला शाम्पू नावापुरता सल्फेटविरहित असला तरी धुण्यात सौम्य असतोच असे नाही. कांदा, भृंगराज, कढीपत्ता, बदाम यांची चित्रे बाटलीच्या पुढच्या बाजूस असतात. मागच्या बाजूस त्यांची नावे कुठे येतात ते पाहिल्यास ती अनेकदा सुगंधी द्रव्याच्या आसपास किंवा त्याच्याही नंतर सापडतात, आणि यादीच्या त्या टोकाला प्रमाण बहुधा एक टक्क्याच्याही आत असते. शिवाय डोक्यावर मिनिटभर राहून वाहून जाणाऱ्या द्रवाकडून पोषणाची अपेक्षा तरी किती ठेवावी?

तुमच्या स्वतःच्या डोक्यासाठी लॉरेथ सल्फेट आणि बीटेन यांच्या जोडीचा साधा, शक्यतो पारदर्शक शाम्पू पुरेसा आहे. दुधाळ, दाट आणि मोत्यासारखी चमक असलेल्या शाम्पूंत बहुधा डायमेथिकोनसारखे सिलिकोन आणि पॉलिक्वाटर्नियमसारखी द्रव्ये असतात. डोके खळखळून धुताना पाणी वाढले की ती मुद्दाम केसांवर बसावीत अशीच त्यांची रचना केलेली असते. जाड, राठ केसांना त्याने मऊपणा येतो, पण तेलकट मुळांच्या बारीक केसांना तेच ओझे होते आणि दुपारपर्यंत केस डोक्याला चिकटतात. चमक नसलेल्या शाम्पूतही हे घटक असू शकतात, तेव्हा अंतिम निर्णय यादी वाचूनच करावा.

रोज किंवा दिवसाआड धुतल्याने केस गळतात, किंवा ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, असे सांगितले जाते, परंतु त्यात तथ्य नाही. न्हाताना हातात येणारे केस मुळातून आधीच सुटलेले असतात, आणि तैलग्रंथींचे काम संप्रेरकांच्या हुकमावर चालते. शाम्पू किती वेळा लावला हे त्यांना कळतही नाही. सकाळी लोकलच्या गर्दीत तासभर घामाघूम होऊन येणाऱ्या माणसाने आठवड्यातून एकदाच डोके धुवायचे हा नियम नाशिकच्या कोरड्या हवेत खपून जात असेल, मुंबईत तो पाळण्याचे कारण नाही.

लावण्याची पद्धत बाटलीइतकीच महत्त्वाची आहे. शाम्पू मगमध्ये थोड्या पाण्यात पातळ करून फक्त त्वचेवर बोटांच्या पेरांनी चोळावा. केसांच्या लांबीला वाहत जाणारा फेस पुरतो, तिथे वेगळे चोळण्याची गरज नसते. त्यानंतर कंडिशनर कानाच्या खालच्या भागालाच लावावा आणि दोन-तीन मिनिटांनी धुवावा. एक सूचना पोटतिडकीने करतो : शाम्पू संपत आला की बाटलीतच पाणी घालून हलवून ठेवण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती सोडावी. पाणी घातल्याने आतील परिरक्षक, म्हणजे शाम्पू खराब होऊ न देणारे द्रव्य विरळ होते आणि मुंबईच्या दमट न्हाणीघरात त्यात जंतू वाढू शकतात. त्याच दिवशी संपवायचे असेल तर हरकत नाही.

मुंबईत आल्यावर केस बिघडले असे तुम्ही म्हणता, तेव्हा आधी इमारतीत पाणी कुठून येते याची चौकशी करावी. महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून येते. ते साठवलेले पावसाचे पाणी असल्याने तुलनेने सुफेन, म्हणजे कमी क्षारांचे असते आणि केसांना त्याचा फारसा उपद्रव होत नाही. परंतु अनेक गृहसंकुलांत न्हाणीघराच्या नळाला बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी सोडलेले असते, आणि त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असू शकतात. हे क्षार केसांवर बसून ते राठ, निस्तेज आणि गुंतणारे होतात. नळाच्या तोटीवर किंवा बादलीच्या कडेला पांढरट थर धरत असेल तर दोष पाण्याचा आहे असे समजण्यास जागा आहे. अशा घरात घटकांच्या यादीत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए असलेला शाम्पू घ्यावा, कारण ते द्रव्य क्षारांना बांधून ठेवते, आणि शेवटचे एक-दोन तांबे पाणी पिण्याच्या नळाचे घ्यावे. हवेतील दमटपणावर मात्र कोणत्याही शाम्पूचा इलाज नाही : पावसाळ्यात केसाच्या आत ओलावा शिरून त्याचे अंतर्गत बंध मोडतात व नव्याने जुळतात आणि केस पिंजारतात. तिथे उपयोग होतो तो कंडिशनरचा, किंवा ओल्या केसांना हलक्या हाताने लावलेल्या सिरमचा.

यजमानांच्या कोंड्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घरोघरी सर्वांत जास्त पैसे आणि वेळ याच बाबतीत वाया जाताना मी पाहिले आहे. खवले दिसले की डोके कोरडे पडले असे समजून रात्री भरपूर खोबरेल थापले जाते. वास्तविक कोंडा बहुधा तेलकट त्वचेवर होतो. मॅलॅसेझिया नावाची यीस्ट वर्गातील बुरशी प्रत्येकाच्याच डोक्यावर असते. ती सिबममधील स्निग्ध पदार्थांवर जगते आणि ते पचवताना ओलेइक आम्लासारखी जी आम्ले मोकळी होतात, त्यांनी काहींच्या त्वचेला दाह होऊन खवले सुटतात. रात्रभर मुरवलेले तेल या बुरशीच्या पथ्यावरच पडते. खवले पिवळसर, चिकट आणि खाजरे असतील तर तो कोंडा समजावा. बारीक, पांढरी, कोरडी पूड थंडीत किंवा कडक शाम्पूनंतर पडत असेल तर ती त्वचेची रुक्षता असू शकते आणि तिथे सौम्य शाम्पू पुरतो.

कोंड्यावर बुरशीरोधक औषध असलेला शाम्पूच घ्यावा. बाजारातील नेहमीच्या कोंडानाशक शाम्पूंत साधारणपणे एक टक्का झिंक पायरिथिओन असते. युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून ते सौंदर्यप्रसाधनांतून वगळले आहे, भारतात मात्र त्याची विक्री चालू आहे. त्याने भागले नाही तर औषधाच्या दुकानात मिळणारा दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, आणि त्यानंतर कोंडा उलटू नये म्हणून आठवड्या-पंधरवड्याने एकदा, असा वापरण्याची पद्धत आहे. तो सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे चांगले. कोणताही असला तरी औषधी शाम्पू त्वचेवर तीन ते पाच मिनिटे राहिला पाहिजे. ट्रेन चुकेल म्हणून अर्ध्या मिनिटात धुऊन टाकणारे अनेक जण शाम्पूचा गुणच येत नाही अशी तक्रार करतात, तेव्हा त्यांनी तो रविवारी सावकाश लावावा. मधल्या दिवशी साधा शाम्पू चालेल. हा शाम्पू घरातील इतरांनी ‘असलेला बरा’ म्हणून वापरू नये. केस त्याने कोरडे पडतात.

मुलीचा प्रश्न अगदी वेगळा आहे. सरळ केसावरून सिबम सहज टोकापर्यंत उतरते, कुरळ्या केसावर ते कसारा घाटातल्या ट्रकसारखे वळणावळणांवर रेंगाळते, म्हणून त्वचा ठीक असूनही लांबी कोरडी राहते. तिच्यासाठी आयसेथिओनेट किंवा ग्लुकोसाइडवर आधारलेला सौम्य शाम्पू आठवड्यातून एकदा-दोनदा आणि प्रत्येक वेळी भरपूर कंडिशनर असे ठेवावे. गुंता सोडवायचा तो कंडिशनर लावलेला असतानाच, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर येत. लहान बाळांचा शाम्पू सर्वांत सौम्य म्हणून तोच देण्याचा मोह होतो. परंतु डोळ्यांना झोंबू नये यासाठी त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) बहुधा अश्रूंच्या जवळपास, म्हणजे सातच्या आसपास ठेवलेला असतो, आणि कुरळ्या केसांना साडेपाचच्या आत-बाहेरचा, किंचित आम्लधर्मी शाम्पू अधिक मानवतो.

तेलाबद्दल मी वर जे बोललो ते मुलीला लागू नाही. तिच्या केसांना न्हाण्यापूर्वी खोबरेल जरूर लावावे. त्यातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. खनिज तेल व सूर्यफूल तेल यांच्याशी तुलना करून हे दाखवणारा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, आणि तो मुंबईच्याच मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतला होता. खोबरेल विकणाऱ्या कंपनीने खोबरेलाची बाजू घ्यावी यात नवल नाही, परंतु मांडलेले कारण रसायनशास्त्राला धरून आहे आणि मला ते पटते.

शिकेकाईविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी कोणीतरी नातेवाईक सुचवतीलच म्हणून लिहितो. शिकेकाई आणि रिठे यांत सॅपोनिन ही नैसर्गिक फेसाळ द्रव्ये असतात. उकळून, नीट गाळून घेतलेले पाणी फार तेलकट नसलेल्या डोक्याला चांगले असते. ‘शिकेकाई साबण’ मात्र अखेर साबणच आहे. साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो, आणि बोअरवेलच्या पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो.

केस रंगवलेले किंवा सरळ करून घेतलेले असतील तर सौम्य शाम्पू आणि कोमट नव्हे, साधे पाणी एवढेच पथ्य. रंग उतरण्यात शाम्पूइतकाच पाण्याचाही वाटा असतो, म्हणून खास महाग बाटलीवर फार भिस्त ठेवू नये.

तेव्हा तुमच्या घरात तीन बाटल्या लागतील, पण मोठी बाटली लगेच आणू नका. वाण्याकडे बहुतेक शाम्पूंच्या पुड्या मिळतात. एका शाम्पूच्या पुड्या आणून दोन-तीन आठवडे त्यांनीच केस धुवावेत आणि त्या काळात तेल, कंडिशनर किंवा आणखी काही बदलू नये, अन्यथा गुण किंवा अवगुण कशाचा हे कळणार नाही.

केसगळतीचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे सामान्य समजले जाते. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ जातात आणि बहुधा पुढे आपोआप भरून येतात. तेवढ्यात बदललेल्या शाम्पूला विनाकारण श्रेय मिळते. मात्र भांग रुंदावत असेल, चकत्यांनी केस जात असतील, खवल्यांखाली लाली किंवा पू दिसत असेल, किंवा कोंडा महिनाभराच्या औषधी शाम्पूनेही हटत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून हे काम थोडक्या खर्चात होते. जाताना वापरात असलेल्या शाम्पूच्या आणि तेलाच्या मागच्या लेबलाचा फोटो बरोबर ठेवावा, कारण काय लावता हे तिथे विचारले जाण्याची शक्यता मोठी आहे.