माशाच्या मेंदूतील नोंदींवरून अपस्माराचे औषध कसे शोधतात, आणि आमच्या मुलीला त्याचा उपयोग होईल का?

आपल्या मुलीला ड्रावे सिंड्रोम (बालपणी सुरू होणारा अपस्माराचा एक तीव्र प्रकार) असल्याचे निदान झाले आहे, झेब्राफिशच्या मेंदूच्या नोंदी घेऊन अपस्माराची औषधे शोधतात असे आपण वाचले, आणि माशाला आकडी येते तरी कशी व या संशोधनाचा मुलीच्या उपचारांशी काही संबंध आहे का, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरातील एका फार्मसी महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे उपचारांबाबत आपल्या बालमेंदूविकारतज्ज्ञांचेच म्हणणे अंतिम मानावे.

झेब्राफिश म्हणजे आपल्या सोलापुरातही शोभेच्या माशांच्या दुकानांत दिसणारा, अंगावर निळसर पट्टे असलेला झेब्रा डॅनिओ. हा मासा मूळचा भारतीय उपखंडातलाच असून फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात निदान एक तरी समकक्ष जनुक सापडते. प्रयोगासाठी वापरतात ती पाच-सहा दिवसांची पिल्ले जेमतेम चार मिलिमीटर लांब आणि जवळजवळ पारदर्शक असतात, शिवाय औषध पाण्यात मिसळले की ते थेट त्यांच्या शरीरात शोषले जाते. मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाचे काम रोखणारे पेंटिलीनटेट्राझोल पाण्यात घातले, तर पिल्लू आधी वेगाने पोहते, मग गोल गोल फिरते आणि शेवटी झटके येऊन एका कुशीवर पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील स्कॉट बाराबान यांच्या गटाने २००५ मध्ये हे सविस्तर मांडले.

मात्र केवळ हालचालीवर विसंबता येत नाही, आणि माझ्या मते या साऱ्या पद्धतीचे मर्म इथेच आहे. औषध घातल्यावर पिल्लू शांत झाले, तर त्याची आकडी थांबली असेल, त्याला गुंगी आली असेल, स्नायू लुळे पडले असतील किंवा ते मरणपंथाला लागले असेल. कॅमेऱ्याला या चारही अवस्था सारख्याच दिसतात. म्हणून पिल्लाला अगारोजच्या पातळ जेलीत स्थिर करून, क्षारद्रावण भरलेल्या काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे टोक त्याच्या मेंदूत नेतात आणि तेथील विद्युत हालचाल नोंदवतात. ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखाच्या, कागदावर आकडीच्या वेळी जसे उंच, दाट फटकारे उमटतात, तसेच ते येथेही उमटतात. शरीर निपचित असूनही फटकारे चालूच राहिले, तर ते औषध बाद होते. ही नोंद एकेका पिल्लाची घ्यावी लागत असल्याने काम संथ चालते. म्हणून आधी लहान खळग्यांच्या प्लेटमध्ये एकाच वेळी अनेक पिल्लांचे पोहणे कॅमेऱ्याने मोजतात आणि त्यातून तरलेल्या मोजक्याच संयुगांची मेंदूवर परीक्षा घेतात.

ड्रावेच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये एससीएन१ए या जनुकात दोष असतो. माशातील त्याच्याशी जुळणाऱ्या जनुकात दोष असलेल्या पिल्लांना कोणतेही रसायन न देता आपोआप आकडी येते. बाराबान यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रथम ही पिल्ले विश्वासार्ह आहेत का ते तपासले: व्हॅल्प्रोएट, डायझेपाम, स्टिरिपेंटॉल ही अपस्मारावरची औषधे आणि कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अत्यल्प कर्बोदकांचा) आहार यांनी त्यांची आकडी कमी झाली, कार्बामाझेपिन या अपस्मारावरच्याच औषधाने मात्र ती कमी झाली नाही. ड्रावेच्या मुलांचा अनुभवही याच दिशेचा आहे. त्यानंतर ३२० संयुगे तपासून त्यांनी क्लेमिझोल निवडले, जे अॅलर्जीवरचे एक जुने औषध आहे. पुढे २०१७ मध्ये त्याच गटाने दाखवले की त्याचा परिणाम अॅलर्जीशी संबंधित हिस्टामिन या रसायनामुळे नव्हे, तर सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या पेशींवरील ग्राहींमार्फत होतो. ड्रावेसाठी अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेले फेनफ्लुरामिनही सेरोटोनिनवरच काम करते. ते काही माशांमुळे सापडले नाही, त्याचा उपयोग रुग्णांमध्ये आधीच दिसला होता; पण दोन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता आपल्या मुलीविषयी. क्लेमिझोलच्या माणसांवरील चाचण्या सुरू झाल्या आहेत, तरी माशाच्या पाण्यातील प्रमाणावरून मुलाचा डोस ठरत नाही, यकृतावरचे दुष्परिणाम किंवा वाढीवरचे दूरगामी परिणाम पाच दिवसांच्या पिल्लात कळत नाहीत आणि माणसासारखे थरांचे मेंदूकवच माशाला नसते. त्यामुळे अॅलर्जीची कोणतीही गोळी या आधारावर मुलीला देऊ नये. अॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्यांनी आकडी वाढूही शकते.

या संशोधनाशी जुळणारी एक गोष्ट मात्र आजच उपयोगी आहे. एससीएन१ए जनुकाच्या दोषामुळे मेंदूला आवर घालणाऱ्या पेशींच्या सोडियम वाहिन्याच (विद्युत संदेशासाठी सोडियम आत घेणारी सूक्ष्म द्वारे) दुबळ्या झालेल्या असतात, म्हणून याच वाहिन्या रोखणारी कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन यांसारखी औषधे ड्रावेमध्ये आकडी वाढवू शकतात. जनुकचाचणीचा अहवाल आणि तज्ज्ञांनी लिहून दिलेली ‘टाळावयाच्या औषधांची’ चिठ्ठी फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावी, तिचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा आणि रात्री-अपरात्री नव्या दवाखान्यात जावे लागले, तर इंजेक्शन देण्यापूर्वी ती डॉक्टरांना दाखवावी. सध्या चालू असलेले औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.