वाचकांचे प्रश्न : खेळातले जग कसे निवडावे?

प्रश्न : आम्ही गावातील सात जण गेल्या दीड वर्षापासून डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ खेळतो आणि तो चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्यातील दोघांना लढाईखेरीज काही नको असते, एका ताईंना दरबार, तह आणि राजकारण आवडते, एका मित्राला नुसते हिंडून नकाशा भरायचा असतो, तर बाकीच्यांना चांगली गोष्ट हवी असते. त्यातच रोवणीच्या आणि धान कापणीच्या दिवसांत कधी तिघे येतात, कधी पाच. आतापर्यंत आम्ही फर्गॉटन रेल्म्स हे तयार जग वापरले, पण त्याच्या पसाऱ्यात माझा जीव दडपतो. सर्वांत चांगले जग कोणते, ते कृपया सांगावे.
(एक वाचक, तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली)

उत्तर : सर्वांत चांगले जग कोणते, याला उत्तर नाही. तुमच्या सात जणांना कोणते मानवेल, याला मात्र उत्तर आहे आणि ते तुमच्या पत्रातच अर्धेअधिक आलेले आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो, खेळ चालवणारा गेम मास्टर भोवतालचे सारे जग सांभाळतो आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकले जातात. हे भोवतालचे जग स्वतः रचता येते किंवा छापील स्वरूपात तयार मिळते.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटकात मागचा पडदा बदलला की महालाचे अरण्य होते, पण नाटक तेच राहते. खेळातले जग असे पडद्यासारखे असते, ही समजूत मी अनेक नव्या गेम मास्टरांकडून ऐकली आहे आणि ती मुळातच चुकीची आहे असे मला वाटते. त्या जगात काय दुर्मीळ आहे, सत्ता कोणाच्या हाती आहे आणि काय अज्ञात ठेवले आहे, यांवरून खेळाडू दर बैठकीला कोणता विचार करत बसतील हे ठरते, आणि खेळण्याची रीत त्यातूनच घडते.

१९९१ मध्ये आलेले डार्क सन हे जग पाहा. ते वाळवंट आहे, एवढे सांगून भागत नाही. तिथे धातू इतका दुर्मीळ आहे की शस्त्रे हाडांची, दगडाची आणि लाकडाची असतात व ऐन लढाईत मोडतात. शिवाय बेपर्वा मांत्रिकाने मंत्र वापरला की आसपासच्या वनस्पतींमधील जीव शोषला जाऊन जमीन राख होते. त्यामुळे पाणी किती उरले आहे, ही लढाई आपल्याला परवडेल का, हे प्रश्न एरवी कोणाच्या मनातही येत नाहीत, पण इथे ते रोज उभे राहतात. मृत्यू इतका नित्याचा धरलेला होता की प्रत्येक खेळाडूने चार पात्रे तयार ठेवावीत, एक खेळात आणि तीन राखीव, अशी सोय नियमांतच करून दिलेली होती. तुमच्या दोन लढवय्यांना हे जग आवडेल, परंतु शस्त्र उगारण्याआधी त्यांना विचार करावा लागेल, आणि तो त्यांना जाच वाटेल की गंमत, हे तुम्हीच ओळखू शकाल.

याच्या दुसऱ्या टोकाला १९८४ चे ड्रॅगनलान्स आहे. लॉरा आणि ट्रेसी हिकमन यांच्या कल्पनेतून आलेल्या आणि मार्गारेट वाइस यांच्या साथीने वाढलेल्या या जगात एक प्रचंड युद्धकथा साहसांच्या मालिकेतून पायरीपायरीने उलगडत जाते आणि तिच्यासाठी नायकही तयार दिलेले असतात. पुढे कथेत लागणारे पात्र मेलेच, तर त्याचा देह कोणाच्या हाती लागणार नाही अशा रीतीने त्याला नाहीसे करावे, म्हणजे पुढे परत आणता येते, अशी सूचनाही त्या साहसांत होती. एका जगात मृत्यूची तजवीज आहे, तर दुसऱ्यात मृत्यू चुकवण्याची, आणि खेळ चालवण्याचे मूळ नियम मात्र दोन्हीकडे बहुतांशी तेच होते. गोष्टीची ओढ असलेल्या तुमच्या मित्रांना ड्रॅगनलान्स तृप्त करील. नकाशा भरणाऱ्या मित्राची मात्र तिथे कोंडी होईल, कारण कथेची वाट सोडून तो चार दिवस दुसरीकडे गेला तर युद्ध त्याच्यासाठी थांबत नाही.

आता तुमची अडचण. फर्गॉटन रेल्म्स हे जग एड ग्रीनवुड यांनी लहानपणापासून मनात वाढवले आणि ते १९८७ मध्ये खेळासाठी प्रसिद्ध झाले. तिथे गावागावांचा इतिहास लिहिलेला आहे आणि एल्मिन्स्टरसारखे महाबली मांत्रिक वावरत असतात. एवढे समर्थ लोक हजर असताना आमची गरजच काय, असे खेळाडूंना वाटू लागते आणि पुस्तकात लिहिलेले आपल्याकडून चुकेल या धास्तीने गेम मास्टर संकोचतो. भरल्या बाजारातून हवे तेवढेच उचलून घरी येणाऱ्याला ही समृद्धी उपयोगी पडते. तुम्ही सगळा बाजार पाठीवर घेऊन चालला आहात. १९८० मध्ये छापलेल्या ग्रेहॉक या जगाच्या पुस्तिकेत याच्या उलट केले होते. राज्यांची माहिती थोडक्यात दिली आणि नकाशा षटकोनी घरांत आखला. एका घराची रुंदी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर. आरमोरीहून निघून गडचिरोली गाठल्यावरही काही अंतर उरावे, एवढी. त्या एका घरात काय आहे हे तुम्हीच ठरवायचे.

तुमच्या गटाची सर्वांत मोठी गोष्ट आवडीनिवडींतला फरक ही नसून शेतीचा हंगाम ही आहे, आणि माझे उत्तर मी त्यावरच बांधतो. बेन रॉबिन्स नावाच्या गेम मास्टरने वेस्ट मार्चेस नावाचा खेळ चालवला होता. त्याची बैठकीची वेळ ठरलेली नव्हती आणि कायमचा संचही नव्हता. जे जमतील त्यांनी मिळून कुठे जायचे ते ठरवावे, सुरक्षित गावातून निघून पश्चिमेच्या रानात शिरावे आणि परत गावात यावे, अशी रीत होती; गावात स्वतःला काही साहस ठेवलेलेच नव्हते. खाणावळीच्या एका टेबलावर कोरलेला नकाशा सर्व खेळाडूंचा मिळून एक होता आणि जो जाऊन येईल तो त्यात भर घाली. रोवणी ते कापणी या काळात तुम्ही अशीच रचना करा. तिघे आले तर तिघांची मोहीम, पाच आले तर पाचांची, आणि न आलेल्याचे पात्र गावात राहिले एवढेच. लढवय्यांना लढाई मिळेल, नकाशावाल्याला नकाशा.

यात दरबाराची आवड असलेल्या ताईंवर अन्याय होतो, हे मला मान्य आहे. म्हणून धान घरी आल्यावर, झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो त्या दिवसांत, सातही जण जमत असताना खेळाची रीत बदला. १९९५ च्या बर्थराइट या जगात खेळाडू स्वतः राज्यकर्ते असतात आणि राज्यकारभाराचा एक डाव तीन महिन्यांचा धरलेला असतो, ज्यात कर, तह, फौज आणि हेरगिरी येते. ही कल्पना उचला. पावसाळ्यात ज्या रानाचा नकाशा भरला, त्याच्यावर हक्क कोणाचा, हा वाद हिवाळ्यात दरबारात येऊ द्या. तेव्हा ताईंना सर्वांनी जमवलेली माहिती लागेल आणि इतरांना ताईंची बुद्धी. तयार जग घ्यायचेच असेल तर ग्रेहॉकचा एखादा कोपरा घ्या आणि बाकी पुस्तक मिटून ठेवा.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. आमच्या भागावरच जग रचावे असे मला वाटते. मित्र म्हणतात की परदेशी किल्ले आणि ड्रॅगन नसतील तर तो खेळच नव्हे. आपले मत काय?
(एक विद्यार्थी, जिल्हा चंद्रपूर)

उत्तर : अवश्य रचा. मात्र वर म्हटल्याप्रमाणे नुसता पडदा बदलू नका. राजाला गोंड राजासारखा पोशाख दिला आणि खेळ तोच ठेवला, तर काहीच रचले नाही असे होईल. इथल्या कोणत्या गोष्टीतून खेळाडूंपुढे नवा पेच उभा राहतो, ते शोधा.

पूर्व विदर्भातील जुने तलाव घ्या, ज्यांना आज आपण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. गोंड राजांच्या काळापासून बांधलेल्या या तलावांत कोहळी समाजाचे कौशल्य मोठे. ज्या जगात तलाव बांधणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळतो आणि पाणी सोडण्याचा अधिकार पाणकराच्या हाती असतो, तिथे सत्तेची लढाई तलवारीने कमी आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहून जास्त होईल. दरबारी खेळाला याहून चांगले बीज मला सुचत नाही. चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे, आहेत. रात्री दरवाजे बंद झाल्यावर खिडकीतून कोण आत आले, एवढ्यावर गुप्त कारस्थानांची दहा सत्रे चालतील. वैरागडची एकेकाळची हिऱ्यांची खाण शोधमोहिमेसाठी आहे. उल्कापाताने तयार झालेले लोणारचे खारे सरोवर गूढासाठी आहे, आणि त्या गूढाचे उत्तर तुम्ही लिहूनच ठेवू नका असे मी सुचवीन. कीथ बेकर यांच्या २००४ च्या एबेरॉन या जगात एक संपूर्ण राष्ट्र एकाएकी नष्ट झालेले आहे आणि त्याचे कारण अधिकृतपणे कधीच सांगितलेले नाही. ते प्रत्येक गटाने आपापले ठरवायचे. एका गटाला त्यातून तपासकथा मिळते, दुसऱ्याला भयकथा.

एका गोष्टीचा मात्र मनापासून आग्रह धरतो. गोंड, माडिया आणि कोलाम समाजांचे देव आणि विधी हे आपल्या शेजाऱ्यांची जिवंत श्रद्धा आहे. त्यांना खेळात मारायचे राक्षस करू नका. नावे बदला, देव स्वतः कल्पा, आणि तुमच्या गटात त्या समाजाचा कोणी असेल तर त्याचा शब्द अखेरचा माना. मित्रांचा ड्रॅगन खुशाल येऊ द्या, पण तो आला तर तलावाच्या पाण्याचे काय होईल, हे आधी ठरवा.

प्रश्न : मी शाळेतील मुलांबरोबर सुटीच्या दिवशी असा खेळ सुरू करणार आहे. जगाची माहिती त्यांना आधी किती वाचायला द्यावी?
(एक शिक्षिका, जिल्हा बुलढाणा)

उत्तर : एक पान, तेही मोठ्या अक्षरांत. अमेरिकेतील विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवणारे एम. ए. आर. बार्कर यांनी टेकुमेल हे जग रचले, ज्यात भाषा, लिप्या, देव आणि शिष्टाचार यांचे अफाट तपशील होते. हे सगळे खेळाडूंनी पाठ करावे अशी अपेक्षा त्या जगावरच्या १९७५ च्या खेळात ठेवलेली नव्हती. त्यांची पात्रे परदेशी म्हणून जहाजातून बंदरात उतरत आणि परक्यांच्या वस्तीत राहत. पात्राला तिथले काहीच ठाऊक नसे, म्हणून खेळाडूलाही ठाऊक असण्याची गरज नसे, आणि दोघे बरोबरीने शिकत. तुमच्या मुलांची पात्रेही त्या जगात नुकतीच आलेली असू द्या. पहिल्या दिवशी त्यांना मुक्कामाला जागा शोधायला लावा. जागा कोण देतो, मोबदल्यात काय मागतो आणि कोणत्या दारात चपला काढाव्या लागतात, एवढ्यात ते जग त्यांना कळू लागेल.