तांत्रिक उपासनेतील ‘गुरू’ : शब्द, शक्ती आणि व्यक्ती

श्रीविद्येच्या, म्हणजे ललिता त्रिपुरसुंदरी देवीच्या तांत्रिक उपासनेच्या, पूजापद्धतीत ‘श्रीपादुकां पूजयामि’ (पादुकांची पूजा करतो) हे शब्द गुरूंच्या नावांपुढे पुनःपुन्हा येतात. तेथे ‘गुरू’ म्हणजे दीक्षा देणारी व्यक्ती समजावी की आणखी काही, आणि ‘गु म्हणजे अंधार, रु म्हणजे तो घालवणारा’ ही या शब्दाची खरी व्युत्पत्ती मानावी का, असे दोन प्रश्न एका वाचकांनी विचारले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याची वाट त्यातूनच जाते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ‘गुरु’ हे मुळात विशेषण आहे आणि त्याचा अर्थ जड, वजनदार असा आहे. त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘लघु’. छंदःशास्त्रातील लघु-गुरू अक्षरे याच अर्थाची आहेत. गरिमा, गौरव, गरिष्ठ हे शब्द त्याच कुळातले, आणि लॅटिनमधील ‘ग्राविस’ व ग्रीकमधील ‘बारुस’ हे जड या अर्थाचे शब्द त्याचे दूरचे सगोत्र आहेत. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो गुरू, असा हा अर्थविस्तार झाला. ‘गु’ आणि ‘रु’ अशी फोड अद्वयतारकोपनिषदात आणि कुलार्णवतंत्रात आढळते, आणि गुरुगीतेमुळे ती घरोघरी पोहोचली. तिला व्युत्पत्ती म्हणता येणार नाही, पण ती चुकीची आहे असे म्हणणेही तितकेच घाईचे ठरेल. ते निर्वचन आहे. शब्द कोणत्या धातूपासून घडला हे व्युत्पत्ती सांगते, तर त्या शब्दाच्या अक्षरांत उपासकाने काय पाहावे हे निर्वचन सांगते. तंत्रमार्गात वर्णमाला म्हणजेच मातृका, आणि प्रत्येक वर्ण ही एक शक्ती मानलेली असल्यामुळे तेथे शब्दाची अक्षरे सुटी करून पाहणे हा उपासनेचाच भाग होतो. कुलार्णवतंत्राच्या सतराव्या उल्लासात (अध्यायात) असे कितीतरी शब्द उलगडले आहेत. ‘पादुका’ या शब्दातील ‘पा’ पालनाचा, ‘दु’ दुरिताच्या (पापाच्या) छेदाचा आणि ‘का’ कामितार्थाचा, अशी त्याची फोड तेथे आहे. काश्मीरचे शैव आचार्य अभिनवगुप्त यांच्या तंत्रालोक या ग्रंथाच्या परंपरेतही ‘दीक्षा’ शब्द याच रीतीने सोडवला आहे: जिच्यात ज्ञानाचे दान होते आणि पशुवासनांचा, म्हणजे बद्ध जीवाच्या वासनांचा, क्षय होतो ती दीक्षा.

आता मुख्य प्रश्न. शैव तंत्रे परमेश्वराची पाच कृत्ये मानतात: सृष्टी, स्थिती, संहार, तिरोधान आणि अनुग्रह. तिरोधानाने शिव स्वतःला झाकतो आणि जीव बनतो. अनुग्रहाने तो ते झाकण स्वतःच दूर करतो. तांत्रिक परिभाषेत ‘गुरू’ हे या पाचव्या कृत्याचे नाव आहे. काश्मीर शैवमताच्या शिवसूत्रांत ‘गुरुरुपायः’, म्हणजे गुरू हाच उपाय, असे अगदी छोटे सूत्र आहे. अभिनवगुप्तांचे शिष्य क्षेमराज यांनी त्याचा अर्थ दोन प्रकारे लावला. तत्त्वाचा उपदेश करून मंत्राचे वीर्य (सामर्थ्य) उघड करणारा तो गुरू, हा पहिला अर्थ व्यक्तीकडे जातो. पण लगेच ते म्हणतात की, गुरू म्हणजे परमेश्वराची अनुग्रह करणारी शक्तीच. तेथे त्यांनी उद्धृत केलेले एक वचन शब्दाच्या अभ्यासकाने आवर्जून थांबून पाहावे असे आहे: ‘गुरोर्गुरुतरा शक्तिर्गुरुवक्त्रगता भवेत्’. गुरूच्या मुखात असलेली शक्ती गुरूहून ‘गुरुतर’ आहे. येथे ‘गुरु’ हे नाम आहे आणि ‘गुरुतरा’ हे त्याच शब्दाचे विशेषणरूप आहे, म्हणजे शब्दाचा मूळचा वजनदारपणा येथे पुन्हा जागा झाला आहे. माझ्या मते संपूर्ण उत्तर या एका ओळीत आहे. व्यक्ती हे मुख आहे, आणि त्या मुखातून जे बोलते ते व्यक्तीपेक्षा मोठे आहे.

शाक्त परंपरेत हेच आणखी थेट शब्दांत येते. भावनोपनिषदाचे पहिलेच वाक्य ‘श्रीगुरुः सर्वकारणभूता शक्तिः’ असे आहे. ‘गुरुः’ हे पुल्लिंगी नाम आणि त्याचे विधेय ‘शक्तिः’ मात्र स्त्रीलिंगी. याच धारणेतून ललितासहस्रनामात देवीला ‘गुरुमूर्तिः’ आणि ‘गुरुमण्डलरूपिणी’ अशी नावे आली आहेत.

पूजेच्या प्रत्यक्ष क्रमात हा अर्थ कसा उतरतो ते पाहण्यासारखे आहे. साधकाचा दिवस गुरुध्यानाने सुरू होतो, आणि हे ध्यान समोरच्या आसनावर बसलेल्या कोणाचे नसून स्वतःच्या मस्तकातील शुभ्र कमळात बसलेल्या, दोन नेत्रांच्या, दोन हातांच्या, वर आणि अभय देणाऱ्या शांत मूर्तीचे असते. देवतांना चार, आठ, दहा हात असतात; गुरूला दोनच, कारण त्याने माणसाचे रूप घेतले आहे. तरीही त्याची जागा मस्तकातील सहस्रार चक्रात, म्हणजे शिवाच्या स्थानी. पुढे श्रीचक्राच्या, म्हणजे देवीच्या यंत्राच्या, पूजेत त्याच्या मध्यबिंदूजवळ गुरूंच्या तीन ओळी पुजल्या जातात: दिव्यौघ, सिद्धौघ आणि मानवौघ. ‘ओघ’ हा शब्द फार नेमका आहे, कारण मांडलेली आहे ती वाहती धारा, नुसती पूर्वसूरींची यादी नव्हे. पुरुष गुरूंची नावे ‘आनंदनाथ’ अशी संपतात. श्रीविद्येचे थोर भाष्यकार भास्करराय यांचे दीक्षानाम भासुरानंदनाथ असे होते. दिव्यौघात पराशक्त्यंबा, कामेश्वर्यंबा अशी ‘अंबा’ने संपणारी स्त्रीगुरूंची नावेही आहेत. मानवौघानंतर साधक आपल्या परमेष्ठिगुरूचे (गुरूच्या गुरूच्या गुरूचे), परमगुरूचे (गुरूच्या गुरूचे) आणि शेवटी स्वगुरूचे स्मरण करतो. म्हणजे ज्याने आपल्या कानात मंत्र सांगितला तो माणूस या धारेचा आपल्यापर्यंत पोहोचलेला काठ असतो, आणि म्हणूनच पूजा त्याच्या देहाची न होता पादुकांची होते. या पादुका लाकडाच्या खडावा नव्हेत. दोन चरण म्हणजे प्रकाश (शुद्ध चैतन्य) आणि विमर्श (त्या चैतन्याची स्वतःची जाणीव), शिव आणि शक्ती, असा त्यांचा अर्थ परंपरा लावते.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी आपली परंपरा सांगताना त्रिपुरारी शिवाने शक्तीच्या कानात सांगितलेल्या ज्ञानापासून सुरुवात केली आहे, आणि ते ज्ञान मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती असे आपल्यापर्यंत आले असे म्हटले आहे. यातील मत्स्येंद्रांना ‘मच्छंदविभु’ या नावाने अभिनवगुप्तांनी तंत्रालोकाच्या आरंभी वंदन केले आहे. बाराव्या अध्यायाच्या प्रारंभी ‘जय जय वो शुद्धे । उदारे प्रसिद्धे’ अशी जी हाक आहे, ती देवीला नसून गुरूच्या कृपादृष्टीला आहे. निवृत्तिनाथांसारखा सख्खा थोरला भाऊ गुरू असताना ज्ञानदेव त्यांच्या कृपेला ‘वो’ म्हणून आईसारखी हाक मारतात, आणि ती आधारशक्तीच्या मांडीवर साधकाला कौतुकाने वाढवते असे म्हणतात. भावनोपनिषदातील ते स्त्रीलिंगी विधेय येथे मराठीत अवतरले आहे, असे मला मनापासून वाटते.

मग व्यक्तीला काहीच महत्त्व नाही का? उलट, फार आहे. गुरूला माणूस समजणे, मंत्राला नुसती अक्षरे समजणे आणि मूर्तीला दगड समजणे ही तिन्ही एकाच तोलाची पापे आहेत, असे कुलार्णवतंत्र बजावते. येथे तिन्ही ठिकाणी दृश्य वस्तू नाकारलेली नाही. दगडावाचून मूर्ती नाही आणि अक्षरांवाचून मंत्र नाही, तसेच माणसावाचून दीक्षा नाही. हाच ग्रंथ पुढे तेराव्या उल्लासात शिष्याला सावधही करतो, आणि तेही शब्दांच्या नेमक्या खेळाने: ‘शिष्यवित्तापहारक’ गुरू पुष्कळ असतात, ‘शिष्यसंतापहारक’ गुरू दुर्मीळ असतो. सुगंधाच्या ओढीने भुंगा जसा फुलावरून फुलावर जातो, तसे ज्ञानाची आस असलेल्या शिष्याने एका गुरूकडून दुसऱ्याकडे जावे, असे वचनही तेथे आणि तंत्रालोकात आहे. स्वतः अभिनवगुप्तांनी शंभुनाथ, लक्ष्मणगुप्त, भूतिराज अशा अनेकांकडून विद्या घेतली. शिवाय, ज्याचे ज्ञान आतूनच उगवते आणि ज्याला स्वतःच्या संवित्तीच्या (जाणिवेच्या) देवताच दीक्षा देतात, अशा ‘अकल्पित’ गुरूलाही त्यांनी तंत्रालोकात मानाचे स्थान दिले आहे. गुरू म्हणजे केवळ समोरची व्यक्ती असती, तर गुरू बदलणे हा द्रोह ठरला असता आणि अकल्पित गुरू ही कल्पना उभीच राहिली नसती.