मेमध्ये छाटलेला सोसायटीतला चाफा फुलत नाही. छाटणी नक्की कधी करावी?

आधी तो कुठला चाफा ते बघा. पान तोडल्यावर दुधासारखा चीक आला तर देवचाफा. चीक नसेल तर सोनचाफा किंवा हिरवा चाफा असेल, त्यांना पुढचं लागू नाही.

देवचाफ्याचा गुच्छ फांदीच्या टोकालाच येतो. मेमध्ये शेंडे उडवले की त्या वर्षीची फुलं कचऱ्यात गेली. त्याहून वाईट म्हणजे जखम सुकायच्या आत पाऊस येतो.

परळच्या एका सोसायटीत ‘पावसाळ्याआधी सगळंच छाटायचं’ म्हणून मेअखेर जुना चाफा खांद्याएवढा केला, तोही आडव्या, सपाट कापांनी. नको म्हटलं तर सेक्रेटरींचं उत्तर, ‘चाफा चिवट असतो, काही होत नाही.’ जुलैत कापावर अंगठा दाबला तर साल आत गेली. आतला गर तपकिरी, चिकाचा थेंब नाही. पांढरा चीक वाहीपर्यंत खाली खाली कापत जावं लागलं, सातपैकी तीन फांद्या बुडापासून गेल्या. चाफा चिवट आहे तो कोरड्यात. ओल्या जखमेला तो अजिबात चिवट नाही.

छाटणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, पानं गळलेली असताना. अंगठ्याएवढ्या फांदीला सिकेटर (छाटणीची कात्री), जाडीला करवत, दोन्ही स्पिरिटने पुसून. काप बेचक्याच्या जरा वर आणि तिरका, म्हणजे पाणी ओघळून जातं. एका वर्षात एक तृतीयांशाहून जास्त काढू नका. कापाखाली दोन-तीन नवे फुटवे येतात, फुलं त्यांच्याच टोकाला, बहुतेक पुढच्या हंगामात. तेव्हा कूज नसेल तर तुमचाही फुलेल, फक्त यंदा मेमध्ये हात लावू नका.

चीक सुकला की कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळ्या अर्ध्या लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत कालवून मग एकत्र करा. लखलखीत लोखंडी सुरी बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

मोडकी किंवा कुजकी फांदी मात्र कधीही काढा, तिथे महिना बघू नका. आणि झाड सोसायटीच्या आवारातलं असलं तरी छाटणीआधी वॉर्डच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. कंत्राटदार हे सांगत नाहीत.

छाटलेल्या फांद्या टाकू नका. फूटभराचे तुकडे आठ-दहा दिवस सावलीत सुकवून मगच मातीत लावा, ताजे लावले तर कुजतात.