सार्वजनिक ग्रंथालयासाठी कोणती संगणक प्रणाली घ्यावी? आणि जुन्या ग्रंथपालांचा तिला विरोध का असतो?

कोहा घ्या. ग्रंथालयाच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं ते सॉफ्टवेअर आहे आणि मुक्त स्रोत आहे, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येतं. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर टिकणार नव्हती, म्हणून ते बनवलं गेलं आणि जानेवारी २००० पासून तिथे वापरात आलं. आज जगभर चालतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

दुसऱ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण विरोध करणारी ती जुनी ग्रंथपाल मीच.

आमच्याकडे पहिली प्रणाली आली तेव्हा मी देवघेव सांभाळत होते. पुस्तकांची नावं त्यात युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच साठवणाऱ्या पद्धतीत) नव्हे, तर त्या प्रणालीसोबत आलेल्या फॉन्टमध्ये टाइप होत होती. पडद्यावर 'क' दिसायचा, पण आत साठायचं एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह. मी विचारलं, "उद्या ही प्रणाली बदलली तर नोंदी बाहेर कशा काढायच्या?" पुरवठादाराचा माणूस म्हणाला, "मॅडम, बदलायची वेळच येणार नाही." बैठकीत यावर कुणी पुढे काही विचारलं नाही. माझं नाव मात्र तेव्हापासून 'संगणकविरोधी' म्हणून पडलं.

मग वरिष्ठांनी सांगितलं, तालिकापत्रं (पुस्तक शोधायची कार्डं) आणि दाखल रजिस्टरं (आलेल्या पुस्तकांची क्रमवार नोंद) रद्दीत द्या, आता सगळं मशीनमध्ये आहे. तालिकापत्रं गेली. रजिस्टरं मी दिली नाहीत. कपाटात ठेवून किल्ली स्वतःजवळ ठेवली आणि त्याबद्दल बरंच ऐकून घेतलं.

काही वर्षांनी पुरवठादाराने ती प्रणाली सांभाळणं बंद केलं. नोंदी कशाबशा एक्सेलमध्ये निघाल्या. शीर्षकाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. रूपांतर करून पाहिलं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे 'कविता'ची 'किवता' झाली, 'व'ची वेलांटी 'क'ला जाऊन चिकटली. 'सूर्य'चं झालं 'सूयर्'. शोधचौकटीत 'कविता' लिहिलं की एकही पुस्तक नाही, आणि माझ्या पाठीमागे कवितांची दोन कपाटं भरलेली.

त्या दिवसांत एक नेहमीचे वाचक आले. नवीन सहकाऱ्याने पडद्यावर पाहून "आपल्याकडे नाही" सांगितलं. ते गृहस्थ वाद न घालता दाराकडे निघाले. तेच पुस्तक मी आदल्या आठवड्यात जागेवर लावलं होतं. मी त्यांना थांबवलं आणि आणून दिलं. पण मी सुट्टीवर असते तर? तालिकेत सापडत नाही ते पुस्तक वाचकाच्या दृष्टीने गहाळच असतं.

शेवटी ती कपाटातली रजिस्टरं उघडली. मी आणि एक सहकारी, दाखल क्रमांक १ पासून. तो वाचायचा, मी युनिकोडमध्ये टाइप करायचे, मग अदलाबदल. तेरा हजारांवर नोंदी, अकरा महिने, आणि काउंटर एक दिवसही बंद न ठेवता. या कामाचा मला अभिमान आहे.

म्हणून विरोध कशाला होता ते नीट समजून घ्या. मुद्दा नोंदी कुणाच्या ताब्यात राहणार हा होता. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी १९६०च्या दशकात मार्क, म्हणजे संगणकाला वाचता येणारा तालिका-नोंदींचा ठरावीक साचा, उभा केला तो नोंद एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाता यावी म्हणूनच. इतक्या वर्षांनंतरही एखादा विक्रेता मार्क २१मध्ये (त्याच साच्याच्या आजच्या रूपात) नोंदी काढून देत नसेल, तर त्याच्याशी पुढे बोलूच नका.

प्रणाली अचानक हातातून जाणं मोठ्यांनाही चुकत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये कॅनडातल्या टोरंटो पब्लिक लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. शंभर शाखांचं जाळं, पण प्रणाली बंद पडल्यावर पुस्तकं हाताने नोंदवून द्यावी लागली. परत आलेली जमा करता येईनात, म्हणून लाखो पुस्तकं ट्रेलरमध्ये भरून ठेवली. शाखा मात्र उघड्या राहिल्या, कारण माणसांना कागदावर देवघेव करता आली. तुमच्याकडे नव्या मुलांना ती येते का?

आणखी एक. आरएफआयडीच्या (पुस्तकात चिप लावून रेडिओलहरींनी ओळखण्याच्या सोयीच्या) मागे लागू नका. दिवसाला हजारो पुस्तकांची ये-जा असेल तर ठीक, नाहीतर बारकोड पुरतो. आणि कुणी काय वाचलं याची यादी पुस्तक परत आल्यावर साठवू नका. कोहामध्ये ती पुसायची सोय आहे. वाचकाने काय वाचलं ते त्याचं त्याच्यापाशी राहू द्यावं.

वर 'कोहा घ्या' असं सरळ सांगितलं खरं, पण ते लिनक्सवर चालतं, नेहमीच्या विंडोजवर नाही. सांभाळणारा माणूस नसेल तर आधी माणूस शोधा. आणि हेही खरं की काही ग्रंथपाल निव्वळ भीतीपोटी अडवतात, मी पाहिलेत. संगणकाने माझं काम हलकं केलं हेही मान्य. राखीव पुस्तकांची रांग आणि मुदत उलटलेल्यांची यादी मी पुन्हा हाताने करणार नाही. पण माझे वरिष्ठ बदली होऊन जाईपर्यंत 'तुमच्यामुळे संगणकीकरण रखडलं' असंच म्हणत राहिले. रखडलं ते त्या फॉन्टमुळे.

तुमचे ग्रंथपाल विरोध करत असतील तर त्यांचा आक्षेप लेखी घ्या आणि विक्रेत्याकडून उत्तरही लेखीच मागा. सही करण्याआधी पन्नास नोंदी भरा, त्या बाहेर काढा आणि प्रणाली नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडून वाचा. त्या पन्नासांत 'सूर्य' असलेलं एखादं शीर्षक असू द्या.