माईच्या वहीतलं ‘कृष्णार्पण’

इंदूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी तू माईवर लिहिलेलं वाचलं. ‘दानशूर, धर्मनिष्ठ, प्रेमळ’ हे तिन्ही शब्द खरे आहेत, पण ते आपल्या गल्लीतल्या कुठल्याही आजीला लावता येतील. माझी आई गेली तेव्हा मीही असंच लिहिलं होतं. आज ते चार ओळींचं कात्रण हातात घेतलं, तर त्यात आई कुठे सापडतच नाही. फार लागतं ते. तुझं तसं होऊ नये म्हणून हे पत्र.

विशेषणं बाजूला ठेव. माई काय करायची, ते लिही.

मी १९६६ साली देवासहून शिकायला आलो. वारानं जेवायची रीत तेव्हा संपत आली होती, तरी गुरुवार तुमच्या घरी मिळाला. माई पोळीवर तूप लावून वाढायची. मी पुरे म्हटलं की म्हणायची, “तव्यावरची शेवटचीच आहे, टाकून देऊ का?” त्या शेवटच्या पोळीनंतर आणखी एक शेवटची यायची. भुकेल्या पोराला मागावं लागू नये, एवढ्यासाठी ती दर गुरुवारी हे बोलायची.

आणि हेही लिही, की पहिले काही महिने माझं ताट ओसरीवर असायचं. मी त्यांच्या जातीचा नव्हतो आणि माईचं सोवळं कडक होतं. मग पावसाळ्यातल्या एका गुरुवारी तिनं आतून हाक मारली, “तिथे काय बसून राहिला? आत ये, पाट मांडलाय.” त्यानंतर माझं पान कधी बाहेर पडलं नाही. तिच्या मनात काय घडलं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. पण तिची श्रद्धा मला त्या पाटावर कळली. ओसरीचा भाग गाळलास तर पाटाला अर्थ उरणार नाही.

तिचं बोलणं पुणेरी करू नकोस. ‘काय करून राहिली’ म्हणायची, तसंच राहू दे. तिथीचीही काळजी घे. अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ ला गेल्या, ती आपल्या पंचांगात श्रावण वद्य चतुर्दशी; पण इकडे पौर्णिमेला महिना संपतो, म्हणून इंदुरात तीच भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. पुण्याचे नातेवाईक वाचणार असतील तर माईच्या तिथीसोबत तारीखही दे. अहिल्योत्सवाची पालखी माईनं कधी चुकवली नाही. ती नेहमी सांगायची, “काशीपासून रामेश्वरापर्यंत बाईंनी जे बांधलं ते खासगीतून, दौलतीच्या पैशाला हात लावला नाही.” खासगी म्हणजे स्वतःची मिळकत, दौलत म्हणजे राज्याचा खजिना. माईची खासगी म्हणजे घरखर्चातून वाचवून डाळीच्या डब्यात ठेवलेले रुपये.

तुला सापडलेली वही त्याच रुपयांच्या हिशेबाची. भाजी, दूध, रॉकेल यांच्या खाली मध्येच ‘कृष्णार्पण ५’, ‘कृष्णार्पण १२’; कुणाला दिले ते नाव नाही. ते घेणारी माणसं कोण, असं तू विचारलंस. शोध जरूर घे. भांडी घासणाऱ्या मावशींकडे जा, भजनी मंडळातल्या बायकांकडे जा, आणि लवकर जा, सगळ्यांचीच वयं झालीत. “माई कशी होती?” विचारलंस तर “फार चांगली” एवढंच ऐकायला मिळेल. “तिच्या हातून काय घेतलंत, कुठे उभे होतात तेव्हा?” असं विचार, आणि मग गप्प बसून ऐक. मात्र नावं छापू नकोस. नाव लिहायची जागा तिनं मुद्दाम कोरी ठेवली आहे.

रविवारी ये, येताना वही घेऊन ये. १९६७ च्या सुरुवातीच्या पानांत एक नोंद माझ्या परीक्षेच्या फीची असणार. ती मी तुला दाखवतो. माझं नाव तेवढं खुशाल घाल.

तुझा
देवासकाका