‘संभाव्य’ कर्करोगकारक: बहुधा की कदाचित?

प्रश्न असा आहे: थर्माकोल आणि फायबरग्लासच्या वस्तू बनवताना वापरतात त्या स्टायरीन या रसायनावरच्या एका लेखाचं भाषांतर करताना ‘पॉसिबली कार्सिनोजेनिक’ आणि ‘प्रॉबेबली कार्सिनोजेनिक’ या दोन्हींना ‘संभाव्य कर्करोगकारक’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते मुळीच नाही. या दोन शब्दांतल्या अंतरातच तर बातमी आहे. फ्रान्समध्ये ल्यों इथे असलेली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था कर्करोग होतो याचा पुरावा किती भक्कम आहे ते पाहून पदार्थांचे गट पाडते. स्टायरीन आधी 2ब गटात, म्हणजे ‘पॉसिबली’मध्ये होतं. 2018 साली ते 2अ गटात, म्हणजे ‘प्रॉबेबली’मध्ये गेलं. प्राण्यांमधला पुरावा पुरेसा ठरला, माणसांमधला मर्यादित. दोन्हीकडे ‘संभाव्य’ लिहिलं तर काय बदललं हे वाचकाला कळणारच नाही.

‘संभाव्य’ची आणखी एक अडचण आहे. संभाव्य उमेदवार, संभाव्य मंत्री म्हणजे पुढे होऊ घातलेला. स्टायरीन काही पुढेमागे कर्करोगकारक ‘होणार’ नाही. ते आहे तसंच आहे, अपुरी आहे ती आपली माहिती. दहावीच्या गणितातली ‘संभाव्यता’ मोजता येते, तीही इथे अभिप्रेत नाही. या गटांना टक्केवारी जोडलेली नसते.

रोजच्या बोलण्यात मात्र हा फरक आपण बिनचूक करतो. ‘पाऊस बहुधा येईल’ म्हणणारा छत्री घेतो, ‘कदाचित येईल’ म्हणणारा दारात घुटमळतो. म्हणून 2अ साठी ‘बहुधा कर्करोगकारक’ आणि 2ब साठी ‘कदाचित कर्करोगकारक’ असं मी सुचवेन. ‘कदाचित’ विशेषणाआधी खटकत असेल, तर ‘कर्करोगकारक असू शकेल असं’ म्हणा. लांबलं तरी अर्थ शाबूत राहतो.

आता ‘धोका’. हे गट पुरावा किती भक्कम आहे एवढंच सांगतात; कर्करोग किती जणांना होईल ते सांगत नाहीत. पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगकारक असल्याचं पक्कं ठरलेल्यांत, तंबाखूही आहे आणि प्रक्रिया केलेलं मांसही. याचा अर्थ दोन्हींपासून सारखंच नुकसान होतं असा नाही. पदार्थाच्या अंगी असलेला गुण आणि त्यामुळे एखाद्यावर प्रत्यक्ष येऊ शकणारी आपत्ती, या दोन्हींना आपण ‘धोका’ म्हणतो आणि घोटाळा होतो. पहिल्यासाठी ‘घातकता’ आणि दुसऱ्यासाठी ‘जोखीम’ वापरावं. ‘जोखमीचं काम’, ‘जोखीम पत्करणे’ यांत काम करणारा माणूस आपोआप येतो, आणि जोखीम ठरते ती त्याच्या वाट्याला किती येतं त्यावरूनच. फायबरग्लासच्या बोटी बनवणारा कामगार ओल्या राळेतून उडणारी स्टायरीनची वाफ दिवसभर श्वासावाटे घेतो. थर्माकोलच्या पेल्यातून चहा पिणाऱ्याच्या पोटात जाणारं स्टायरीन त्या मानाने फारच थोडं. घातकता तीच, जोखीम वेगळी. ‘स्टायरीनचा धोका’ एवढंच लिहिलं तर हे दोघे एकाच पंक्तीत बसतात, आणि ज्याला हवेशीर कारखाना आणि मास्क मिळायला हवा त्या कामगाराकडे दुर्लक्ष होतं.

जाता जाता तिसऱ्या गटाबद्दल. त्याचं भाषांतर ‘कर्करोगकारक नसलेले’ असं करू नये. पुराव्याअभावी ‘वर्गीकरण करता येत नाही’ एवढंच तिथे म्हटलेलं असतं.